उत्सवांतलें संगीत नाटक

कोणास तपकिरीचा नाद असतो, कोणास पत्त्यांचा, कोणास दुसऱ्याच्या भानगडींचा. आमच्या घराण्यास संगीत नाटकाचा नाद आहे. आजोबांना होता, थोरल्या काकांना होता. आणि मॅट्रिक होऊन अडतीस वर्षें प्राथमिक शाळेंत मास्तरकी केलेल्या मला तो लहानपणीं लागला, तो आज साठी उलटली तरी सुटलेला नाहीं. या नादापायीं पैसा मिळाला नाहीं. घरचीं बोलणीं मात्र भरपूर मिळालीं. "सौभद्राचीं सगळीं पदें तुम्हांला पाठ, पण मुलाची जन्मतिथि विचारली तर पंचांग शोधायला लागतां," असें आमच्या सौ. म्हणतात, आणि त्यांत अतिशयोक्ति फारशी नाहीं. तरीही या नादाविषयीं चार शब्द लिहावेसे वाटतात. कारण त्यानें मला जें शिकविलें, तें मला ना अध्यापक विद्यालयांत मिळालें, ना आजोबांपुढें बसून घोकलेल्या रूपावलींत. शिवाय याच नादाच्या भरांत माझ्या हातून एक चूक घडली आहे. तीही एकदां कबूल करावयाची आहे.

आमचें गांव रत्नागिरी जिल्ह्यांतलें, समुद्रापासून दोन डोंगर आंत. आमच्या आळींतल्या लक्ष्मीनारायणाच्या देवळांत माघ महिन्यांत पांच दिवसांचा उत्सव होतो. सकाळीं पूजा-अभिषेक, सायंकाळीं आरत्या, रात्रीं कीर्तन, आणि शेवटच्या दोन रात्रीं नाटक. एक गद्य व एक संगीत. कोंकणांत व गोव्यांत अशीं उत्सवाचीं नाटकें गांवोगांव होत आलीं आहेत, आणि कित्येक ठिकाणीं आजही होतात. नट सारे घरचेच. मुंबईस कारकुनी करणारा चुलतभाऊ अर्जुन, पोष्टांतले मामा बलराम, शेजारचे वैद्य गर्गमुनि. तिकीट नाहीं, बिदागी नाहीं. असलाच तर प्रयोगानंतर पहाटे चुलाण्यावरचा चहा आणि पोहे.

संगीत नाटकाचा जन्मच मुळीं अशा हौशी लोकांच्या हातून झालेला आहे, ही गोष्ट आपण सहसा लक्षांत घेत नाहीं. विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस 'सीतास्वयंवर' केलें. त्यांत गाणें होतें, परंतु त्याचा भार मुख्यतः सूत्रधारावर. पात्रानें स्वतः बोलतां बोलतां गाण्यांत शिरावें आणि गातां गातां पुन्हां संवादावर यावें, ही रीत अण्णासाहेब किर्लोस्करांनीं ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास 'शाकुंतला'चे पहिले चार अंक करून पक्की केली. अण्णासाहेब त्या वेळीं सरकारी नोकरींत होते. 'शारदा' लिहिणारे देवल कांहीं काळ बेळगांवास शिक्षक होते. म्हणजे कचेरींतून किंवा शाळेंतून येऊन, हातपाय धुऊन, तालमीला बसणारी ही परंपरा आहे. धंदेवाईक मंडळ्या, त्यांचे भरजरी पोशाख आणि बोलपट निघेपर्यंतचें वैभव हें सारें पुढचें.

अण्णासाहेबांचें 'सौभद्र' १८८२ सालीं रंगभूमीवर आलें. त्यांत शंभरांहून अधिक पदें आहेत, पण तीं बहुतेक लहान. चाली कीर्तनांतल्या, लावणीच्या, साकी-दिंडीच्या; ज्याच्या कानावर लहानपणापासून आरत्या व भजन पडलें आहे, त्याच्या गळ्यावर सहज चढणाऱ्या. १९१६ सालीं खाडिलकरांचें 'स्वयंवर' आलें, भास्करबुवा बखले यांनीं त्याला ख्यालाच्या अंगाच्या चाली दिल्या आणि बालगंधर्वांनीं त्या घरोघर पोंचविल्या. तें गाणें ऐकतांना सोपें वाटतें. गाऊं गेल्यास पहिल्याच आलापांत धाप लागते. म्हणूनच आमच्यासारखीं गांवें 'स्वयंवर' ऐकतात आणि 'सौभद्र' करतात. १९३१-३२ नंतर बोलपटांच्या लाटेंत मोठमोठ्या मंडळ्या एकामागून एक बसल्या. आमचें उत्सवाचें नाटक मात्र बसलें नाहीं. जें विकायला ठेवलेलेंच नव्हतें, त्याचें दिवाळें कसें वाजणार?

आतां या नादांत असें काय आहे, असें कोणी विचारील. गद्य नाटकांतही नक्कल पाठ करावी लागते, तोंडाला रंग लागतो, टाळी मिळते. परंतु संगीत नाटकांत एक क्षण असा येतो कीं, तो दुसरीकडे कोठेंही नाहीं. पात्र बोलत असतें. मनांतला भाव वाढत जातो. शेवटच्या वाक्याला आवाज किंचित् चढतो, पायपेटीवरचा मास्तर तोच सूर हळूच धरून ठेवतो, आणि बोलणें जेथें संपतें तेथूनच गाणें सुरू होतें. जोड दिसतां कामा नये. ती दिसली, तर प्रेक्षकाला वाटतें, हा मनुष्य नाटक थांबवून गाऊं लागला. ती दिसली नाहीं, तर वाटतें, याला गाण्यावांचून दुसरा उपायच नव्हता. ही जोड साधली, कीं त्या रात्रीपुरता मास्तर मास्तर राहत नाहीं.

कालिदासानें 'शाकुंतला'च्या प्रस्तावनेंत या वेडाची थट्टा करून ठेविली आहे. सूत्रधार नटीला ग्रीष्म ऋतूवर गायला सांगतो. ती गाते, सभा चित्रासारखी तटस्थ होते, आणि मग सूत्रधारच विचारतो कीं, आतां आपण कोणतें नाटक करावयाचें? नटी आठवण देते, तेव्हां तो कबूल करतो कीं, तुझ्या गाण्यानें मला ओढून नेलें. आजोबांनीं मला हा प्रवेश बाराव्या वर्षीं शिकविला. त्याचा खरा अर्थ मात्र पुष्कळ वर्षांनीं कळला. तो पुढें येईल.

आमची तालीम दिवाळी झाली कीं सुरू होई. थोरले काका तालीममास्तर. त्यांची शिस्त अशी कीं, पहिले पंधरा दिवस कोणीही गावयाचें नाहीं. पद गद्यासारखें, अर्थ लावून, वाचून दाखवावयाचें. अन्वय चुकला तर पुन्हां वाचन. "ज्याला अर्थ कळला नाहीं त्याची तान म्हणजे रस्ता चुकलेली बैलगाडी," असें ते म्हणत. त्यानंतर प्रत्येकाची पट्टी ठरे. कोणाची काळी एक, कोणाची पांढरी दोन. मग ताल, मग उभे राहून हालचाल, आणि शेवटच्या आठवड्यांत पडद्यासह रंगीत तालीम. पडदे आणि कपडेपट शहरांतून भाड्यानें येत. राजवाडा, रस्ता आणि अरण्य, असे तीन पडदे असले कीं आमचें त्रैलोक्य पुरें होई. पंधराव्या वर्षीं, आवाज फुटण्यापूर्वी, मीं सुभद्रेच्या सखीचें काम केलें. पुढें सात्यकीपासून चढत चढत कृष्णापर्यंत गेलों. शहरांत १९३३ सालीं 'आंधळ्यांची शाळा' या नाटकांत स्त्रियांचीं कामें स्त्रियांनीं केलीं; आमच्या देवळापुढें तें घडण्यास आणखी अर्धें शतक लागलें.

या सर्व खटाटोपांत एक मनुष्य असा होता, कीं ज्याचें नांव आमच्या हस्तलिखित कार्यक्रमपत्रिकेंत कधींच नसे. ते आमच्या गांवचे सुतारमेस्त्री. उत्सवापूर्वी आठ दिवस ते रंगमंच बांधीत, गॅसबत्त्या टांगीत, आणि प्रयोगाच्या रात्रीं विंगेंत उभे राहून पडदा ओढीत. पडदा ओढणें हें वाटतें तितकें सोपें नाहीं. टाळी विरूं लागण्याच्या आधीं तो पडला तर रंग वाढतो. विरल्यावर पडला तर रंग उतरतो. मेस्त्रींचा पडदा पंचवीस वर्षांत एकदांही चुकला नाहीं. आणि रंधा मारतांना ते जें गुणगुणत, तें ऐकून मी एक-दोनदां वाटेंत थांबलों होतों. सौभद्रांतला नारद त्यांना पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत येत होता; आणि आवाज असा, कीं लांकडाच्या भुशांतूनही सूर स्वच्छ ऐकूं येई.

१९८६ सालची गोष्ट. नारदाचें काम करणारे आमचे एक नातेवाईक मुंबईहून निघाले होते. घाटांत गाडी बंद पडली. रात्रीचे दहा वाजले, पटांगण माणसांनीं भरलें, आणि नारदाचा पत्ता नाहीं. सौभद्राचा आरंभच नारदावांचून होत नाहीं. रंगपटांत सारे एकमेकांचीं तोंडें पाहत होते. मी कृष्णाच्या वेषांत विंगेपाशीं उभा होतों. मेस्त्री पडद्याची दोरी हातांत धरूनच माझ्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "गुरुजी, नारद मला येतो."

मीं काकांना तें सांगितलें. काका क्षणभर गप्प राहिले. मग उत्सवाच्या कारभाऱ्यांपैकीं एकजण म्हणाले, "मेस्त्रींचा आवाज चांगला आहे, हें खरें, पण देवापुढचें काम आपल्या मंडळींनींच करावयाचें, ही रीत आहे." दुसरे म्हणाले, "आज एक पायंडा पाडला, कीं उद्यां दुसरा." काकांनीं माझ्याकडे पाहिलें. मी गांवच्या शाळेचा मास्तर. समतेवरचे धडे मुलांकडून पाठ करून घेणारा. मी बोललों असतों तर काका वळले असते, असें मला त्या वेळींही वाटलें आणि आजही वाटतें. मी बोललों नाहीं. डोक्यावरचा मुकुट सांवरीत उभा राहिलों.

नारदाचीं सारीं पदें गाळलीं. एका पुतण्यानें वीणा हातांत घेऊन, नकलेकडे चोरून पाहत, गद्य तेवढें म्हटलें. पहिला अंक मिठावांचून केलेल्या भाजीसारखा झाला. मेस्त्रींनीं मात्र पडदा नेहमींच्याच वेळीं, नेहमींच्याच हातानें ओढला. पहाटे घरीं आल्यावर सौ.नीं मला एकच विचारलें: "मेस्त्रींना येत होतें ना? मग तुम्ही गप्प कां बसलांत?" या प्रश्नाचें उत्तर मीं त्या पहाटे दिलें नाहीं. खरें उत्तर असें होतें कीं, पुढच्या वर्षींचें कृष्णाचें काम मला हवें होतें.

नाटकाच्या नादाचा हा दुसरा चेहरा आहे, आणि तो प्रामाणिकपणें सांगितला पाहिजे. या नादांत जशी रसिकता असते तशीच हांव असते. टाळीची गोडी एकदां लागली, कीं मनुष्य आपली जागा सोडीत नाहीं, आणि दुसऱ्याला जागा देणें त्याच्या जिवावर येतें. विशेष असें कीं, त्याला तो शिस्त, परंपरा, देवाचें काम, असलीं मोठीं नांवें देतो.

त्याच वर्षीं मे महिन्याच्या सुट्टींत मीं भरताचें नाट्यशास्त्र पुन्हां उघडलें. पहिल्याच अध्यायांत नाट्याच्या जन्माची कथा आहे. इंद्रादि देव ब्रह्मदेवाकडे जाऊन म्हणतात, आम्हांला पाहतांही येईल आणि ऐकतांही येईल असें कांहीं खेळणें दे. आणि चार वेद ऐकण्याचा ज्यांना अधिकार नाहीं, त्यांनाही चालेल असा सर्व वर्णांचा पांचवा वेद निर्माण कर. मग ब्रह्मदेवानें ऋग्वेदांतून पाठ्य, सामवेदांतून गीत, यजुर्वेदांतून अभिनय आणि अथर्ववेदांतून रस घेऊन नाट्यवेद केला. हा भाग मीं लहानपणीं घोकला होता, पुढें मुलांना गोष्ट म्हणून सांगितलाही होता. त्या दिवशीं मात्र पुस्तक मिटून ठेवावें लागलें. जो वेद मुळांत सर्वांसाठीं निर्माण झाला, त्याचीच दोरी आम्हीं एका मनुष्याच्या हातांत दिली होती आणि त्याला आंत येऊं दिलें नव्हतें.

आणि यासाठीं भरतमुनींपर्यंत तरी कशाला जावयाचें? १९२१ सालीं टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठीं बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनीं मिळून 'मानापमान' केलें. एक भामिनी, दुसरा धैर्यधर. एक ब्राह्मणाचा मुलगा, एक मराठ्याचा. त्या रात्रीच्या गाण्याच्या आठवणी जुनीं माणसें जन्मभर सांगत राहिलीं. जात त्या आठवणींत कोठें नसे. तीन महिन्यांनीं केशवराव गेले, आणि महाराष्ट्र हळहळला. मोठ्या रंगभूमीनें जें केव्हांच मानलें, तें आमच्या आळीच्या लहान रंगभूमीला पासष्ट वर्षांनींही मानवलें नव्हतें.

पुढच्या वर्षीं मीं काकांपाशीं बोललों. थोडी कुरकुर झाली, पण काका म्हणाले, "मेस्त्रींना विचार." मीं विचारलें. मेस्त्री रंध्यावरून हात फिरवीत म्हणाले, "नको गुरुजी. आतां पडदाच बरा." स्वर शांत होता, राग असता तर मला बरें वाटलें असतें. ज्या दाराशीं मनुष्य एकदां आपण होऊन आला आणि परत गेला, त्या दारांत आमंत्रण देऊन तो पुन्हां येतोच असें नाहीं. ही शिक्षा मला झाली आणि ती योग्यच होती.

यानंतर दिवस पालटले. काका वारले. घरोघर दूरदर्शन आलें. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. गांवीं येणें सोपें झालें, पण गांव सोडणेंही सोपें झालें. आळींतलीं निम्मीं घरें कुलपांत गेलीं. तालमीला चार माणसें जमेनात, आणि एका वर्षीं उत्सव नाटकावांचून झाला. मग तशीच संवय पडली. जी गोष्ट बोलपटांनीं मारली नाहीं, ती बंद घरांनीं मारली. त्या काळांत मी कधीं कधीं रात्रीं देवळासमोरच्या रिकाम्या पटांगणांत जाऊन बसत असें. आपण परंपरा राखली असें आम्ही म्हणत होतों. राखली ती इतक्या थोड्या हातांत, कीं ते हात गळतांच ती खालीं पडली.

मेस्त्रींची नात माझ्या शाळेंत चौथीला होती. प्रार्थनेच्या वेळीं तिचा सूर बाकीच्या मुलांच्या वर तरंगत असे. पुढें ती तालुक्याच्या गांवीं शिकायला गेली, गाणेंही शिकूं लागली. २००९ सालीं उत्सवांत नाटक पुन्हां उभें करावें असें तरुण मंडळींच्या मनांत आलें. ते माझ्याकडे आले. मीं म्हटलें, "नाटक होईल, पण माणसें साऱ्या गांवांतून घ्यावयाचीं, नाहींतर मी बसवणार नाहीं." त्यांना त्यांत कांहींच अडचण दिसली नाहीं. तेवीस वर्षांपूर्वी जें बोलण्यास माझ्या अंगीं धैर्य नव्हतें, तें आतां बोलण्यास धैर्याची गरजच उरली नव्हती, ही गोष्ट मी स्वतःपासून लपवीत नाहीं.

मी मेस्त्रींच्या घरीं गेलों. त्यांच्या पडवींत बसलों, चहा घेतला, आणि सुभद्रेसाठीं त्यांची नात मागितली. मेस्त्री तेव्हां सत्तरीच्या पुढें गेले होते. मीं म्हटलें, "आणि नारद तुम्हीं करावा." ते मोठ्यानें हंसले. "गुरुजी, 'न' आणि 'द' हीं दोन्हीं अक्षरें दंत्य, असें शाळेंत तुम्हीच शिकवतां. माझे दांत गेले. दांतांवांचून नारद कसा म्हणूं? पडदा ओढायला मात्र दांत लागत नाहींत." मींही हंसलों, पण घरीं येईपर्यंत डोळे पुशीत आलों.

त्या वर्षीं मीं कृष्णाचें काम सोडलें. आवाज आतां वरच्या षड्जाला जातांना कांपतो, हें मला दोन वर्षें ठाऊक होतें. कोणी सांगत नव्हतें इतकेंच. एका तरुण बँक-कारकुनाला कृष्ण दिला आणि मी नक्कल घेऊन विंगेंत प्रॉम्प्टिंगला बसलों. शेजारीं मेस्त्री दोरी धरून उभे होते. इतकीं वर्षें आम्ही एका नाटकांत होतों, पण एका बाजूला उभे असे प्रथमच.

नांदी झाली, नारद-अर्जुनाचा प्रवेश झाला. दुसऱ्या अंकांत सुभद्रा आली. मुलगी पहिल्या ओळीला थोडी भ्याली. मग बोलतां बोलतां शब्द चढले, पायपेटीनें सूर धरला, आणि जोड न दिसतां ती गाण्यांत गेली. काका असते तर त्यांनीं मान डोलावली असती. प्रवेश संपला. टाळी पडली, वाढली, विरूं लागली. पडदा पडेना. मीं वळून पाहिलें. मेस्त्री दोरी हातांत धरून तसेच उभे होते, डोळे मिटलेले. पंचवीस-तीस वर्षांत न चुकलेला त्यांचा पडदा त्या दिवशीं चुकला. मीं त्यांना हलवलें नाहीं. कालिदासाचा सूत्रधार नाटक कसा विसरला असेल, तें मला त्या क्षणीं कळलें.

मेस्त्री आतां नाहींत. ती मुलगी संसाराला लागली आहे. उत्सवाला येते, आणि आली कीं गाते. नाटक कांहीं वर्षीं होतें, कांहीं वर्षीं होत नाहीं. कार्यक्रमपत्रिकेंत मात्र आतां पडदा ओढणाऱ्याचें नांव छापलें जातें.

ज्या वाचकांच्या घरीं हा नाद असेल, किंवा मुलांना लावावा असें वाटत असेल, त्यांना अनुभवाच्या चार गोष्टी सांगतों. आरंभ लहान पदांच्या नाटकापासून करावा. मोठ्या गाण्याचा मोह नंतर. पद आधीं वाचावें, मग गावें. पट्टी आपल्या गळ्याची घ्यावी, ध्वनिमुद्रिकेंतल्या थोर गायकाची नव्हे. तालमीच्या वेळांत घरच्या माणसांना कामाला जुंपून आपण मोकळें होऊं नये, आमच्या सौ.चें बोलणें वर दिलेंच आहे. आणि तालमीच्या वेळीं, पडदा ओढणारा, खुर्च्या मांडणारा, चहा आणणारा, यांपैकीं कोणाचे ओंठ पदाबरोबर हलतात, तें एकदां नीट पाहावें. हलत असतील तर त्याला आंत बोलवावें. आणि तें त्याच रात्रीं बोलवावें.